कानवाल्या काकांचा मफलर

आमच्या दवाखान्यात कान, नाक आणि घसा या तिन्हींवर इलाज होतो, पण नाक-घशाच्या पेशंटकडे काका जरा सावत्र नजरेनेच बघतात. सर्दीवाला आला की नुसतं "बसा" म्हणतात. कानवाला आला की "या, या, असे अलीकडे बसा" म्हणतात. गेली एकतीस वर्षं ते इथे कंपाउंडर आहेत. पिचकारीने कानातला मळ काढावा तर तो काकांनीच, असं आजूबाजूच्या चार गल्ल्यांत कोणीही सांगेल. सगळे त्यांना कानवाले काका म्हणतात. मी बाहेरच्या टेबलावर बसून नंबर देते, फोन घेते आणि उशीर झाला की डॉक्टरांच्या वाटची बोलणी खाते. मला सतरा वर्षं झाली. म्हणजे काकांबद्दल सांगायचा हक्क माझ्याहून जास्त फक्त काकूंना आहे, आणि त्यांना वेळ नाही, त्या दिवसभर शिवणाचे क्लास घेतात.

काका मुळात इथे आले ते दाराला रंग द्यायला. तेव्हा मोठे डॉक्टर होते, म्हणजे आत्ताच्या मॅडमचे वडील. काका रंगाऱ्याच्या हाताखाली कामाला होते. दाराच्या काचेभोवतीची बारीक पट्टी त्यांनी अशी रंगवली की काचेला एक ठिपका लागला नाही. मोठे डॉक्टर पेशंट तसाच टाकून ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हात स्थिर आहे तुझा. कानात पिचकारी मारशील का?" त्यावर काकांनी विचारलं, "कोणत्या रंगाची?" हा किस्सा मी काकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की त्या रंगाचा वासही मला येतो.

काकांना उपदेशाची भारी हौस. कानात काडी घालू नका, पिन घालू नका, तेल ओतू नका. एकदा एक गृहस्थ बसल्या बसल्या किल्लीने कान खाजवत होते. काकांनी त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि म्हणाले, "कान आहे तो, कुलूप नाही." वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवायचे, "चाळिशी उलटली की वर्षातून एकदा ऐकण्याची टेस्ट करायची. लाज कसली त्यात?" हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ते कधीच विसरणार नाही.

दीड वर्षापूर्वी काकूंच्या क्लासातल्या एक बाई घर हलवून मुलीकडे राहायला गेल्या. मुलीकडे कुत्रा चालणार नव्हता, म्हणून जाता जाता त्यांनी तो काकूंच्या गळ्यात मारला. तीन वर्षांचा कॉकर स्पॅनिअल, मधाच्या रंगाचा. कान एवढे मोठे की लांबून बघणाऱ्याला वाटावं, याने मफलर गुंडाळलाय. म्हणून नावही मफलर. काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आठ दिवसांत याची दुसरीकडे सोय करा." आठ दिवसांनी त्याला न्यायला एक माणूस आला, तर काकांनी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. मला वाटलं, कान बघून पाघळले असतील. जन्मभर माणसांचे चार बोटांचे कान बघितलेल्या माणसाला असे वीतभर कान मिळाल्यावर दुसरं काय होणार.

पंधरा दिवसांनी कुत्रा दवाखान्यात आला. काका म्हणाले, ही जात एकटी राहत नाही, माणूस दिसेनासा झाला की रडते, घरी ठेवला तर पलंगाचा पाय खातो. मी म्हटलं, पलंग बदला. पण तेवढ्यात कानात मणी अडकलेली एक चिमुरडी रडून दवाखाना डोक्यावर घेत होती, ती मफलरचा कान हातात घेऊन गप्प झाली, आणि मॅडमनी बाहेर येऊन ते नेमकं पाहिलं. झालं. काकांच्या स्टुलाखाली मफलरची जागा पक्की झाली आणि माझ्या नशिबी फडकं आलं.

फडकं अशासाठी की या प्राण्याला माणूस आवडला की आनंदाने जमिनीवर दोन थेंब सांडतात, आणि त्याला न आवडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. शेपटी हलवतो म्हणणं कमी पडेल, शेपटीच त्याला हलवते, कमरेपासून मागचा सगळा कुत्रा डोलतो. शिवाय तोंडात काहीतरी धरून आणल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मॅडम म्हणाल्या, शिकाऱ्याने पाडलेला पक्षी झुडपातून काढून न चुरगळता आणून द्यायचा, यासाठीच ही जात तयार केलेली. आमच्याकडे पक्षी नाहीत, म्हणून तो रुमाल आणतो. दाताची एक खूण नसते, ते खरं. पण सर्दीच्या दवाखान्यात कोणाचा रुमाल कोणाच्या मांडीवर नेऊन ठेवावा, याचं त्याला भान नाही.

काकांनी मात्र त्याचं सगळं शास्त्रशुद्ध चालवलं होतं. खाताना कान थाळीत लोळतात म्हणून काकूंची एक उंच, निमुळती फुलदाणी कापून त्याचं भांडं केलं. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा काकूंनी जुन्या मोज्याचा पंजा कापून टाकला आणि उरलेली नळी जेवताना त्याच्या डोक्यावर चढवायला लागल्या. कान आत, तोंड बाहेर. रोज संध्याकाळी तास-दीड तास चालायला न्यायचं, नाहीतर घरभर धुमाकूळ. मग विंचरणं. पायांना मागून झालर, पोटाला झालर, कानांना झालर. एक दिवस फणी चुकली की कानामागे आणि काखेत अशा गाठी होतात की कात्रीशिवाय सुटत नाहीत. हे सगळं मला माहीत आहे, कारण काका रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी ते मला ऐकवायचे.

आणि डोळे. ते डोळे म्हणजे शुद्ध लबाडी आहे. पोटभर जेवून आलेला मफलर पेशंटसमोर असा बसायचा की बघणाऱ्याला वाटावं, या बिचाऱ्याने आयुष्यात बिस्कीट पाहिलेलंच नाही. लोक बिस्किटं द्यायचे. सहा महिन्यांत त्याचा तक्क्या झाला.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ मी उलटा लावला. आमच्याकडे मॅडमच्या टेबलाखाली एक बटण आहे आणि बाहेर भिंतीवर मोठ्या डॉक्टरांच्या वेळची घंटा आहे. ती वाजली की काकांनी आत जायचं. कुत्रा यायच्या आधी दोन वर्षं काका कायम मॅडमच्या दाराशी उभे असायचे, दाराच्या काचेवर नजर लावून. गुडघे दुखतात तर बसा म्हटलं तरी बसायचे नाहीत. मफलर आल्यावर ते स्टुलावर बसायला लागले. मला वाटलं, कुत्र्याने माणूस आळशी केला.

मग एका सकाळी मफलर माझ्या टेबलाजवळ एका आजोबांकडून बिस्कीट वसूल करत होता. घंटा वाजली. काका स्टुलावर बसलेले, तसेच. पुन्हा वाजली. काका भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत शांत. तिसऱ्यांदा वाजली, तेव्हा मफलरने बिस्किटाकडे एकदा दुःखाने पाहिलं, धावत जाऊन स्टुलाखाली घुसला आणि त्याची शेपटी काकांच्या नडगीवर सपासप बसायला लागली. काका ताडकन उठून आत गेले.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. मग दिवसभर मी दुसरं काही केलं नाही, फक्त पाहत राहिले. घंटा वाजली की दार उघडतं आणि नवा माणूस दिसतो, हे मफलरला कळलेलं होतं. म्हणून घंटेबरोबर त्याची शेपटी सुरू व्हायची आणि शेपटीबरोबर काका उठायचे. फोन वाजला की मफलर माझ्याकडे मान वळवायचा, मग काका वळवायचे. संध्याकाळी काका पाठमोरे उभे राहून कपाट लावत होते, तेव्हा मी साध्या आवाजात म्हटलं, "काका, मॅडमनी सगळ्यांचा पगार वाढवलाय." काका कपाट लावत राहिले. आमच्या दवाखान्यात या वाक्याला न वळणारा माणूस जिवंत तरी नसतो किंवा बहिरा तरी असतो.

खरं सांगते, मला आधी राग आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. येणाऱ्याजाणाऱ्याला टेस्ट करा म्हणून छळणारा हा माणूस स्वतः टेस्टच्या त्या काचेच्या खोलीत कधी बसला नाही. आणि कळलं तर काय होणार हेही मला माहीत होतं. कानाच्या दवाखान्यात बहिरा कंपाउंडर कोण ठेवेल? मग काकांनी जायचं कुठे? घरी बसून हा माणूस चार दिवसांत भिंतींना उपदेश करायला लागला असता. त्याचं सगळं बळ त्या एका स्टुलात होतं. म्हणून मी कानाडोळा केला. एवढंच नाही, हळूहळू त्या कटात सामीलही झाले. पेशंटचं नाव हाक मारून सांगण्याऐवजी मी काकांच्या हातात चिठ्ठी द्यायला लागले. काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे बरं केलंस. लिहिलेलं असलं की गोंधळ होत नाही."

असंच सुरळीत चाललं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. पण काकांना मफलरच्या कानांची सेवा पुरेना. पेशंट संपले की ते रोज त्याला टेबलावर घ्यायचे आणि माणसाच्या कानात मारतात तशी कोमट पाण्याची पिचकारी दोन्ही कानांत मारायचे. मग झालर विंचरून कान खाली सोडायचे आणि म्हणायचे, "बघ, आरसा." काही महिन्यांनी मफलर डोकं झटकायला लागला. मग कान खाजवायला लागला. काकांनी यावर इलाज म्हणून पिचकारी दिवसातून दोनदा केली. काकू म्हणाल्या, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. काका म्हणाले, "तीस वर्षं कान बघतोय मी. कुत्र्याचा काय निराळा असतो?" दवाखान्यात आंबलेल्या पिठासारखा वास यायला लागला तेव्हा मी झाडणाऱ्या बाईंशी भांडले. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

त्याच सुमारास बहिणीचं घर हलवायचं म्हणून मी तीन दिवस रजा घेतली. चौथ्या दिवशी सकाळी आले, तर दारात वायरमन शिडी लावून उभा.

"काय झालं?" मी विचारलं.

मॅडम वैतागून म्हणाल्या, "घंटा बिघडली आहे. तीन दिवस बटण दाबून दाबून अंगठा दुखला माझा. शेवटी मीच बाहेर येऊन पेशंट नेते."

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू नव्हतीस तर मॅडम स्वतःच पेशंट नेत होत्या बघ. मला तीन दिवस बोलावलंसुद्धा नाही." मी स्टुलाखाली पाहिलं. मफलर झोपला होता.

वायरमनने जुनी घंटा काढून नवी बसवली, शाळेत मधली सुट्टी झाली की वाजते तसली. मग आत जाऊन त्याने बटण दाबलं. अख्खी खोली दचकली. एका आजीबाईंच्या हातातली पर्स पडली, मांडीवरचं बाळ किंचाळलं, घसा दाखवायला आलेल्या माणसाला ठसका लागला. न दचकलेले दोघेच. काका कापसाचे बोळे वळत होते आणि मफलर घोरत होता. वायरमनने पुन्हा दाबलं. सगळे दुसऱ्यांदा दचकले, ते दोघे सोडून.

वायरमन बाहेर आला, काकांकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं आणि हत्यारं पिशवीत भरत म्हणाला, "घंटा ठणठणीत आहे, मॅडम. बाकीचं माझ्याकडे येत नाही."

मॅडम दारात उभ्या होत्या. एवढ्या वेळाने काकांनी मान वर केली. सगळी खोली आपल्याकडे बघतेय हे पाहून ते हसले आणि म्हणाले, "झाली का दुरुस्त?"

मला तेव्हा जितकी लाज वाटली तितकी स्वतःच्या कोणत्याही चुकीची कधी वाटली नव्हती. मॅडम पुढे आल्या, काकांसमोर खाली बसल्या आणि मफलरचा कान उचलून पाहिला. आतून लालभडक, सुजून भोक बंद. त्यांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग काकांकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "याला आधी डॉक्टरकडे न्या. उद्या नाही, आत्ता. चला, मीही येते." पेशंटना मी दुपारनंतरचे नंबर दिले आणि त्यांच्या मागोमाग निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं.

जनावरांचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसतात. माणूस आडदांड आणि आवाज त्याहून आडदांड, त्यामुळे काकांना त्यांचा शब्द न् शब्द कळत होता. बाहेर एक मांजर, एक पोपट आणि त्यांची माणसं बसली होती, त्यांनाही कळत होता.

"कोणी धुतले याचे कान?" डॉक्टर म्हणाले.

"मी," काका म्हणाले. "रोज. कोमट पाण्याने."

"रोज? अहो, माणसाचा कान म्हणजे सरळ बोळ. कुत्र्याचा कान म्हणजे जिना. खाली उतरतो आणि वळतो. त्यावर या जातीला ही एवढी रजई पांघरलेली, आत वारा नाही, ऊन नाही. तुम्ही रोज त्या जिन्यात बादली ओतताय आणि वर रजई टाकताय. मग आत बुरशी नाही तर काय गुलाब येणार?"

काका एकदम कानकोंडे झाले. एकतीस वर्षांत कानाबद्दल त्यांना कोणी बोललं नव्हतं.

"आता मला सांगा," डॉक्टर म्हणाले, "याला हाक मारली तर कळते का? डाव्या बाजूने जास्त कळते की उजव्या? नेमकं कधीपासून ऐकेनासा झाला? सूज किती जुनी आहे त्यावर औषध ठरवायचंय. घरात तुम्हालाच माहीत असणार."

काकांनी मफलरच्या पाठीवरून हात फिरवला. मॅडमकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बघून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" डॉक्टर गरजले.

तीन वर्षं दडवलेली गोष्ट काकांना दुसऱ्यांदा, आणि मोठ्याने सांगावी लागली. "मला सांगता येणार नाही. मलाच तीन वर्षं ऐकू येत नाही. घंटा, फोन, दाराची बेल, बारीक आवाज काहीच नाही. समोरच्याचे ओठ दिसले तर बोलणं कळतं. याची शेपटी पायाला लागली की मला कळायचं. शेपटी लागली नाही, म्हणजे मला वाटलं घंटा वाजली नाही."

बाहेरचा पोपटसुद्धा गप्प झाला. डॉक्टर जरा वेळाने खालच्या आवाजात काहीतरी म्हणाले, ते काकांना ऐकू गेलं नाही. मीच सांगितलं की मला आठवतं, साधारण आठ-दहा दिवसांपासून तो फोनला मान वळवत नव्हता. मग औषध ठरलं. दोन आठवडे दोन्ही कानांत थेंब, सूज उतरेपर्यंत पाण्याचं नाव नाही. कानाखालचे केस बारीक कापायचे, म्हणजे वारा लागेल. थेंब घातल्यावर तासभर कान डोक्यावर सैल बांधून ठेवायचे. बरं वाटल्यावर आठवड्यातून एकदा कापसाने दिसेल तेवढंच पुसायचं आणि कोरडं करायचं. "आणि बिस्किटं बंद," डॉक्टर पुन्हा मूळ आवाजात म्हणाले. "हा कुत्रा आहे की तक्क्या?" तक्क्या हा शब्द माझा होता, पण मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी काका लवकर आले. पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणला होता. त्यावर हत्यारांच्या कपाटाची किल्ली ठेवून त्यांनी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

मॅडमनी कोटाला हात लावला नाही. "तीन वर्षांत तुम्ही एकाचाही चुकीचा कान धुतला नाही. कसं?"

"बोट लावून दाखवा म्हणतो," काका म्हणाले. "मग आधी स्वतः आत बघतो. मगच पिचकारी."

"आणि पिचकारी मारताना एखाद्याला दुखलं, तो ओरडला, तर?"

मॅडमचा आवाज चढला. त्यांच्या लहानपणी याच काकांनी त्यांना याच स्टुलावर बसवून पहिल्यांदा कान दाखवला होता, आणि त्यांना असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मला सांगायचं होतं, काका. सगळ्या जगाला टेस्ट करा म्हणून सांगता आणि मला नाही सांगता आलं?" मग त्या एकदम दारातून माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. तुम्हाला माहीत होतं." मी रजिस्टरमध्ये तोंड खुपसलं. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची हिंमत नव्हती.

"मोठ्या डॉक्टरांनी या हातावर विश्वास टाकला होता," काका म्हणाले. "हात अजून तसाच आहे, मॅडम. कानाने दगा दिला."

"मग कानाचंच बघू. चला काचेच्या खोलीत."

काका निघाले, तसा मफलरही निघाला. काका म्हणाले, त्याला एकटं ठेवलं तर तो रडतो, बसू दे पायाशी. मॅडम म्हणाल्या, "मफलर बाहेर." परीक्षेला कॉपी जप्त झालेल्या पोरासारखं तोंड करून काका आत गेले. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, हे त्यांनी आजवर हजारो लोकांना समजावलं होतं. काचेतून मला त्यांचा अंगठा दिसत होता. तो बराच वेळ तसाच होता. मफलर काचेला नाक लावून बसला होता. मला रडू आलं, आणि त्याच वेळी एक माणूस नंबर मागायला आला, म्हणून मी त्याच्यावर खेकसले.

बाहेर आल्यावर मॅडमनी सांगितलं, दोन्ही कानांना मशीन लागेल, आणि मशीन लागेपर्यंत पिचकारीला हात लावायचा नाही. कोट मात्र त्यांनी काकांच्या हातात परत दिला. मशीन आलं आणि काका अडून बसले. कानवाल्याच्या कानात मशीन, लोक काय म्हणतील, दिव्याखाली अंधार म्हणतील. मॅडमनी समजावलं, काकूंनी अबोला धरला, काका ढिम्म.

अशाच एका सकाळी मफलर थेंब घालून आला होता. कान डोक्यावर घेऊन काकूंच्या लाल हेअरबँडने बांधले होते. मधोमध गाठ, दोन्ही बाजूंना झालर. साठीच्या पुढच्या नटव्या बाईसारखा दिसत होता. सगळे हसले. मफलरला वाटलं, आपल्याला बघून सगळ्यांना आनंद झालाय. त्याने कमरेपासून डोलत एकेकाला भेट दिली, एकाचा रुमाल दुसऱ्याला दिला आणि जमिनीवर दोन थेंब सांडले.

मी फडकं घेऊन उठले आणि काकांच्या समोर उभी राहून, त्यांना ओठ दिसतील असं म्हटलं, "याला बघा. याला वाटते का लाज?"

काकांनी मफलरचा घसरलेला हेअरबँड नीट केला. मग म्हणाले, "याच्या डोक्यावर ते आहे तोवर मी घालतो. त्याचं उतरलं की माझंही उतरेल."

थेंबांचे दोन आठवडे संपले, हेअरबँड उतरला. मशीन राहिलं. पहिल्याच दिवशी काकांना कळलं होतं की मी दिवसभर पुटपुटते, आणि काय पुटपुटते तेही. पण उपदेश आता दुप्पट झाला आहे, कारण उदाहरण कानातच असतं. टेस्टला कोणी कां-कूं केलं की काका मान वळवून मशीन दाखवतात आणि म्हणतात, "लाज कसली त्यात?" लोक गुपचूप आत जाऊन बसतात.

अडचण झाली ती मफलरची. त्याचे कान बरे झाले, नवी घंटा त्याला खणखणीत ऐकू यायला लागली, पण त्याची शेपटी उठेपर्यंत काका दाराशी पोचलेले असायचे. दोन दिवस त्याने पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाखाली येऊन पडला. रुमाल आणेना, आजोबांसमोर डोळे करेना. घंटा वाजली की नुसती एक भुवई हलायची. मी काकांना सांगितलं नाही, पण त्यांचं लक्ष होतंच.

चौथ्या दिवशी काकांनी त्याला उचलून पुन्हा स्टुलाखाली ठेवलं. घंटा वाजली. काका जागचे हलले नाहीत. मी बघते तर हात मांडीवर, नजर समोर, चेहरा जुन्यासारखा. पुन्हा वाजली. मफलर उठला, शेपटी सुरू झाली, नडगीवर एक फटका बसला आणि काका "आलो, आलो" म्हणत उठले.

असं चार-पाच दिवस चाललं. मग मॅडमनी मला आत बोलावून विचारलं, "काकांचं मशीन नीट चालतंय ना? उठायला उशीर करतात." मी म्हटलं, "दारात उभ्या राहा आणि बघा," आणि त्यांच्या टेबलाखालचं बटण मीच दाबलं. मॅडमनी दारातून पाहिलं. तेव्हापासून त्या घंटा एक मिनिट आधी वाजवतात.